कुत्र्याला ऊन लागलं तर फोन कुणाला करायचा? पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावी राहतो. आमचा बंड्या गेला, म्हणून हे पत्र लिहितो आहे. बंड्या पग जातीचा, मुलीने नागपूरहून आणलेला, चार वर्षांचा. मागच्या वर्षी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, एका दुपारी वीज गेली आणि कूलर बंद पडला. बंड्या रोजच्यासारखा कूलरसमोर फरशीवर पडला होता, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. तासाभराने पाहिलं तर जीभ जांभळी पडलेली, तोंडातून चिकट लाळ गळत होती, आणि धाप अशी लागलेली की सगळं अंग हलत होतं.

ऊन लागलंय हे लगेच कळलं. विदर्भातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. पण आम्ही उपाय केले ते माणसाचे. आईने कांदा ठेचून रस त्याच्या तोंडात घातला. मी पोतं भिजवून त्याला त्यात गुंडाळलं. तसाच उचलून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला, तर दाराला कुलूप. खाजगी डॉक्टर चाळीस किलोमीटरवर. तिथे पोचलो तेव्हा ताप १०७ फॅरनहाइट होता. सलाइन लावलं, पण रात्री तो गेला.

डॉक्टरांनी नंतर शांतपणे समजावून सांगितलं. कांदा कुत्र्याला विषारी असतो, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. बंड्या कांद्याने गेला नाही, पण आमचा हक्काचा घरगुती उपाय त्याच्यासाठी उपाय नव्हताच. गुंडाळलेलं ओलं पोतं थोड्या वेळात कोमट होतं आणि अंगातली उष्णता आतच कोंडून धरतं. खरं तर त्याला सावलीत ठेवून अंगभर, पोटावर आणि जांघेत साधं गार पाणी ओतत राहायचं होतं, पुठ्ठ्याने का होईना वारा घालायचा होता, आणि आधी अंग निववून मगच गाडीत घालायचं होतं. त्या दिवशी आमच्या घरात दोन माठ भरलेले होते.

साहेब, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गादीतून थोडासा येतो, बाकी सगळी भिस्त धापेवर. तोंडातलं आणि जिभेवरचं पाणी उडतं तेव्हाच त्याचं अंग निवतं. पग, बुलडॉग, शिह त्झू यांची नाकं चपटी, श्वासाची वाट मुळातच अरुंद. धाप टाकण्यातच त्यांची दमछाक होते आणि अंग आणखी तापतं. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०६ च्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांना इजा व्हायला लागते. आमच्याकडे मे महिन्यात हवाच ४५ सेल्सियसला टेकते, म्हणजे ११३ फॅरनहाइट. कुत्र्याच्या अंगापेक्षा हवा गरम असली तर नुसती सावली पुरत नाही. पाणी आणि वारा दोन्ही लागतात.

आणि हे फक्त शौकाने पाळलेल्या महागड्या कुत्र्यांचं नाही. शेतावर राखणीला बांधलेला गावठी कुत्रा, मेंढ्यांमागे फिरणारा धनगराचा कुत्रा, गच्चीवर टिनाच्या शेडखाली साखळीला अडकवलेला कुत्रा, या सगळ्यांचा उन्हाळा मी रोज पाहतो. टिनाचं शेड दुपारी भट्टी होतं. सकाळी भरलेलं पाण्याचं भांडं अकरा वाजेपर्यंत हात लावू देत नाही, किंवा साखळीच्या ओढाताणीत लवंडलेलं असतं.

बैलाचा विचार कायद्याने केला आहे. ओझं वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं, तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात त्यांना कामाला जुंपायचं नाही. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी बैलाच्या जागी उभं राहून दुपार पाहिली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कुत्र्याचाही उल्लेख आहे. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर तो मालकाचा गुन्हा ठरतो. मात्र पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात दंड आहे १० ते ५० रुपये. मी दंड वाढवा म्हणून लिहीत नाही. माझ्या ओळखीतले बहुतेक लोक कुत्र्यावर जीव टाकणारे आहेत. दुष्टपणाने नाही, माहिती नसल्याने ते चुकतात, जसे आम्ही चुकलो.

म्हणून माझं पहिलं मागणं दवाखान्याच्या वेळेचं आहे. मार्च ते जून या काळात तालुक्याचा दवाखाना भर दुपारी आणि संध्याकाळी उशिरापर्यंत कुणीतरी उघडा ठेवावा. ऊन लागलेलं जनावर दुपारीच येणार. यात गाई-म्हशींचंही भलं आहे, कारण शेतकरी बैल घेऊन निघतो तो ऊन उतरल्यावर. डॉक्टरांची पदं रिकामी आहेत हे मला ठाऊक आहे. निदान एका प्रशिक्षित कर्मचाऱ्याला थर्मामीटर, सलाइन आणि पाण्याचा पाइप देऊन बसवता येईल.

दुसरं, १९६२ हा क्रमांक. फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलवायला तो आहे, हे मला बंड्या गेल्यावर कळलं. गाडी येईल तेव्हा येईल, पण फोनवर बसलेल्या माणसाने पहिल्या दोन मिनिटांत मराठीत एवढंच सांगावं: पाणी ओता, वारा घाला, कांदा देऊ नका, गुंडाळू नका. त्या दुपारी मला तेवढं पुरलं असतं.

आणि एक पानाचं पत्रक. रेबीजच्या लसीकरण शिबिरात, ग्रामपंचायतीत, रेशन दुकानात लावता येईल. त्यात आमच्या घरांतल्या गोष्टी असाव्यात. फिरवायचं ते सूर्य उगवायच्या आधी किंवा रात्री, आणि डांबरावर आधी आपल्या हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहायची. पाण्याची भांडी दोन, मातीची, जड. कूलरला टेकून कुत्र्याला झोपू द्यायचं नाही, दर उन्हाळ्यात आमच्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात. आंब्याची कोय फेकताना कुत्रा बघत नाही ना हे पाहायचं, ती गिळली तर आतड्यात अडकते आणि पोट फाडावं लागतं. दाट केसांच्या कुत्र्याचा पूर्ण चकोट करायचा नाही, ते केस उन्हापासूनही वाचवतात. गोचीड कुत्र्याच्या अंगावरून काढून भागत नाही, भिंतीच्या भेगांत तिची अंडी असतात, आणि तिच्यामुळे येणारा ताप कुत्र्याचं रक्त आटवतो.

पिल्लं विकणाऱ्यांनाही हेच पत्रक द्यायला लावावं. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्यांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावीच लागते. नागपूर-चंद्रपूरच्या घरात बर्फाळ मुलखातला दाट केसांचा हस्की कुत्रा विकत देणाऱ्याने मे महिन्याबद्दल एक शब्द बोलू नये, याचा मला राग येतो. उन्हाला सोसणारा, लांब तोंडाचा, सडपातळ कारवान कुत्रा आपल्याच मराठवाड्यात आहे.

नवतपा २५ मेच्या सुमारास लागतो. आदेश होळीच्या आत निघाला तर यंदाच उपयोग होईल. पत्रक छापून आलं तर आमच्या तालुक्यात ते घरोघर पोचवायचं काम मी आणि माझी मुलगी करू.

आपला,
एक पशुप्रेमी नागरिक
वर्धा जिल्हा