टेलिफोनवाल्या मावशींना

मावशी, शालोम.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं, तर तुम्ही ते न उघडताच फ्रिजवरच्या डब्याखाली सरकवलं असतं आणि "बरं बरं, चहा घे आधी" म्हणाला असतात. म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव मात्र घालत नाही. घातलं तर पुढच्या शनिवारी, शब्बाथला, माझी खैर नाही.

आधी माझीच फजिती सांगतो. मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली, आपल्या बेने इस्राएल ज्यूंच्या सिनेगॉगला कुलूप पडलं आणि पेसाहचा सण तर दोन आठवड्यांवर आलेला. कमिटीत कॉम्प्युटर कळणारा मी एकटा, त्यामुळे झूमचं खातं माझ्याकडे आलं. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी सहा वाजता आपण पहिल्यांदा पडद्यावर भेटलो. शब्बाथचे दिवे लागले की फोन-कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, त्याच्या आत सगळं आटपायचं, म्हणून अर्धाच तास. प्रार्थना चालवणारे हझान शब्बाथच्या स्वागताचं 'लेखा दोदी' म्हणतायत, मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि प्रत्येकाचं 'आमेन' आपापल्या नेटच्या वेगाने येतंय. तेवीस चौकोन होते. मी स्क्रीनशॉट काढून ठेवला, इतका खूश होतो.

रविवारी सकाळी तुमचा फोन आला. "किती होते?"

"तेवीस, मावशी!"

"घरं एकेचाळीस आहेत. लिही." आणि तुम्ही अठरा नावं सांगायला सुरुवात केलीत. कुणाकडे साधा बटणांचा फोन, कुणाचा मुलगा इस्राएलला आणि नातवाने दिलेला टॅब अजून खोक्यात, कुणाला कमी ऐकू येतं. तिकडे इस्राएलात लोदच्या भाच्याला मी लिंक पाठवली होती, पण दोन गल्ल्या पलीकडच्या आजींना साधं विचारलंही नव्हतं. त्या वेळी मला तुमचा रागच आला होता, आज कबूल करतो. एवढं सगळं उभं केलं आणि या बाईंना दिसलं काय, तर जे नव्हते ते.

तुमची ती वही मी नंतर पाहिली. लाल बांधणीचं लांबट रजिस्टर, टेलिफोन खात्यातल्या नोकरीतलं वाटावं असं. नावापुढे नंबर, त्यापुढे औषध, त्यापुढे घरातल्या मयताची वर्षतारीख, शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण. एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं लाइनी जोडल्या होत्यात, तेच काम पुन्हा घरी सुरू केलंत. मोबाइलवर कॉन्फरन्सला एका वेळी पाचच जण घेता येतात, म्हणून त्या अठरांचे तुम्ही चार गट पाडलेत आणि दर शुक्रवारी एकेका गटाची पाळी. लॅपटॉपवर झूम, त्याच्या स्पीकरपाशी मोबाइल, दोघांच्या मधे पुठ्ठ्याची सुरळी, आवाज घुमू नये म्हणून. मी म्हटलं, यापेक्षा चांगली सोय करता येईल. तुम्ही म्हणालात, "कर. तोवर हे चालू दे." मला ती सोय काही जमली नाही, आणि सुरळी नोव्हेंबरपर्यंत चालली.

ज्यांची पाळी नसे त्यांना गुरुवारी फोन. गोळ्या आहेत का, दूध येतं का, आणि आज माझ्याआधी कुणाशी बोललात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही वहीत लिहायचात.

पेसाहच्या रात्रीचा वाद आठवतो? इस्राएलमध्ये सेफार्दी परंपरेच्या काही रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, म्हटलं होतं की एकट्या पडलेल्यांसाठी सेदरला, पेसाहच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, झूम चालेल. मुख्य रब्बींनी ते मान्य केलं नाही. तोच वाद आपल्या ग्रुपवर मराठीत पेटला आणि मी त्यात हिरीरीने होतो. तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. 8 एप्रिलला दुपारी तीनपासून तुम्ही एकटं राहणाऱ्या प्रत्येकाला फोन करून सेदरला वाचायच्या हग्गादातले पहिले चार प्रश्न मराठीतून विचारलेत. लहान मुलांनी विचारायचे प्रश्न, आणि उत्तर द्यायला ऐंशी वर्षांचे आजोबा. सूर्य मावळायला आला तेव्हा फोन बंद. तेव्हा इस्राएलमध्ये साडेचारही वाजले नव्हते, त्यामुळे शेवटचा फोन तुम्ही तिथल्या बहिणीला केलात, हे मला तिच्याच मुलाकडून कळलं.

आपले पूर्वज कोकणात घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण तेव्हा सिनेगॉग नव्हतंच. मुंबईतलं पहिलं बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796मध्ये. त्याआधी खेडोपाडी विखुरलेली घरं, आणि गावोगाव हिंडून सुंता करणारे, लग्नं लावणारे काजी. टाळेबंदीत मला तुम्ही त्या काजींच्या जागी दिसायचात. (कमिटीत हे बोललो नाही. इमारतीच्या गळतीसाठी वर्गणी चालू होती.)

आता बाबांचं. ऑगस्टमध्ये ते गेले. कब्रस्तानात वीसच माणसं जाऊ शकत होती, आणि त्यातही निम्मे भीतीने आले नाहीत. मिनयान, म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष, झालं ते तेवढ्यापुरतं. पुढचे सात दिवस घरी बसलो तेव्हा दहा पुरुष जमणं शक्यच नव्हतं, आणि पडद्यावरचे दहा ते दहा नव्हेत, मयतासाठीचं कद्दिश म्हणता येणार नाही, असं हझाननी स्पष्ट सांगितलं. मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुम्हाला फोन केला, की निदान तुम्ही तरी त्यांना समजवा. तुम्ही समजावलं नाहीत. म्हणालात, "ते बरोबर बोलतायत. थांब जरा."

संध्याकाळपर्यंत तुम्ही तेहिलीमची दीडशे स्तोत्रं वाटून टाकली होतीत. ठाण्यात कुणाला दहा, अलिबागला पाच, दिमोनाच्या आत्याला वीस, त्या अठरातल्या ज्यांना हिब्रू वाचवत नव्हतं त्यांना मराठीतून. 119वं कुणालाच नको होतं, कारण त्यात 176 वचनं आहेत. ते तुम्ही घेतलंत. शब्बाथ सोडून रोज संध्याकाळी सातला फोन करून सांगायचात, आज इतकी झाली, अमक्याने वाचली. फक्त नावं वाचायचात. बाबांना आयुष्यात कधी न बोललेली माणसंही त्यात होती. आणि पहिल्या दिवशी दाराच्या कडीला अडकवलेला डबा: उकडलेली अंडी, सालं काढलेली, वर मीठ-मिरपुडीची पुडी. सालं काढायचीही ताकद नसते हे ज्याने सोसलंय त्यालाच सुचतं.

मग दारफळणीचा सण आला. योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या उपासाला, आजी तेच म्हणायची. दारं लावून घ्यायची, बाहेरच्याला शिवायचं नाही. त्या वर्षी सगळं जगच सहा महिने दारफळणी पाळत होतं. पण त्या दिवशी फोनही नाही. 27 सप्टेंबरच्या संध्याकाळपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत तुमचा आवाज आला नाही, आणि आपण किती एकटे आहोत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. दुसऱ्या दिवशी शिळा सण. एरवी त्या दिवशी एकमेकांकडे जायचं, दानधर्म करायचा. सकाळी सव्वासातला फोन वाजला. "उपास लागला का रे?" मागून तुमच्या दुसऱ्या फोनची रिंग वाजत होती. त्या दिवशी एकेचाळीस खुणा झाल्या.

16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, देवळं-मशिदी-सिनेगॉग उघडली. नंतरच्या शनिवारी तुम्ही मास्क लावून आलात, बाकांवरून नजर फिरवलीत आणि बोटांवर काहीतरी मोजलंत. आपल्या एकेचाळीसपैकी तीन घरांतलं माणूस तेव्हा उरलं नव्हतं. तुम्ही काही बोलला नाहीत. तेफिला सुरू झाली.

मी तेव्हा आपल्या संदेष्ट्याला, एलियाहू हनाबीला, नवस बोललो होतो, की आई या सगळ्यातून निभावली तर मलिदा करीन. ती निभावली, आणि मी इतकी वर्षं आज-उद्या करत राहिलो. आता येत्या रविवारी संध्याकाळी आमच्याकडे आहे. पोहे मी भिजवणार, नारळ आई खवणार, पाच फळं आणि सब्जा बाजारातून येईल. तुम्ही काहीही आणायचं नाही, आणि काय आणू म्हणून फोन करायचा नाही. त्या अठरातल्या ज्यांना जिना चढवतो त्यांना मी स्वतः रिक्षाने आणतो. वही तेवढी बरोबर घ्या, दोन नंबर माझ्याकडे नाहीत.