तू वीस वर्षांचा झालास म्हणून

सोन्या,

परवा फोनवर तुझ्या व्हिएतनाम युद्धावरच्या असाइनमेंटवरून तू आणि बाबा एवढे तापलात की मी मध्ये पडलेच नाही, पण रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून आज शिफ्टवरून आल्या आल्या लिहायला बसले. लांबलंय, पण पूर्ण वाच.

बाबांचं म्हणणं, अमेरिका ऑस्ट्रेलियाचा मित्र, मित्र लढायला निघाला की सोबत जायचं, व्हिएतनाममध्ये ऑस्ट्रेलियाने तेच केलं. आणि तू म्हणालास मग तिथे गेलेला प्रत्येक सोल्जर दोषीच. मला दोघांचंही पटलं नाही रे.

आमच्या एज्ड केअरमध्ये एक आजोबा आहेत, त्यांना सकाळचा चहा मीच देते. ते नॅशो होते. नॅशनल सर्व्हिसमध्ये ओढलेल्या पोरांना तेव्हा नॅशो म्हणायचे. नोव्हेंबर १९६४ मध्ये पंतप्रधान मेन्झीसच्या सरकारने ती सक्ती आणली, वीस वर्षांच्या मुलांनी नाव नोंदवायचं आणि मग ड्रममधून नंबरच्या गोट्या काढायच्या, एकेक नंबर म्हणजे एकेक जन्मतारीख. आपण गणपतीत हाउजी खेळतो ना, तसेच नंबर निघायचे, आणि तुझी तारीख निघाली की दोन वर्षं आर्मी. आजोबांची निघाली, त्यांच्या जिवलग मित्राची नाही निघाली. आठ लाखांवर मुलांनी नावं नोंदवली, जवळजवळ ६४ हजारांना बोलावलं, त्यातले १५ हजारांवर व्हिएतनामला गेले. आणि मतदानाचं वय तेव्हा २१ होतं! म्हणजे ज्या सरकारने पाठवलं त्याला मत द्यायचा किंवा पाडायचा हक्कच त्या पोरांना नव्हता. १९६७ पासून तर इटली, ग्रीसवरून आलेल्या, अजून सिटिझन पण न झालेल्या घरातल्या मुलांनाही हे लागू केलं. मागच्या महिन्यात तुझा विसावा वाढदिवस झाला, केक कापताना मला हेच आठवत होतं, तुला बोलले नाही.

आता बाबांच्या मुद्द्यावर येते. ऑस्ट्रेलियाला भीती होती हे खरं आहे, वर चीन, शेजारी इंडोनेशिया, आणि १९५१ चा अँझस करार, म्हणजे अमेरिका आणि न्यूझीलंडबरोबरचा संरक्षण करार, असला तरी वेळ आली तर अमेरिका धावून येईल का ही धाकधूक. म्हणून आधी आपण त्यांच्यासाठी जाऊ, विम्याचा हप्ता भरल्यासारखं. पण लोकांना काय सांगितलं? २९ एप्रिल १९६५ ला मेन्झीस पार्लमेंटमध्ये म्हणाले की उत्तरेतल्या कम्युनिस्टांशी लढणाऱ्या दक्षिण व्हिएतनामने मदत मागितली म्हणून बटालियन पाठवतोय. प्रत्यक्षात निर्णय तीन आठवडे आधीच झालेला होता आणि तिकडचं पत्र त्याच दिवशी येऊन पोचलं, तेही मागे लागून मिळवलेलं. हप्ता भरायचा तर स्वतःच्या लोकांना खरं सांगून तरी भरा ना! आणि बाबांना हेही सांग की ब्रिटन अमेरिकेचा केवढा जवळचा मित्र, पण तिथले पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सननी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सनच्या लढाईत फौज पाठवली नाही, त्यांची मैत्री काही तुटली नाही. इथे मात्र १९६६ मध्ये मेन्झीसनंतरचे पंतप्रधान होल्ट वॉशिंग्टनला जाऊन 'ऑल द वे विथ एलबीजे' (एलबीजे म्हणजे तेच जॉन्सन) म्हणून आले, आणि दोन महिन्यांच्या आत व्हिएतनाममधल्या लाँग टॅनच्या रबराच्या मळ्यात, धो धो पावसात, १०८ जणांच्या तुकडीतले बरेचसे वीस-एकवीसचे, त्या लढाईत आपले १८ गेले. समोरच्या बाजूचे त्याहून कितीतरी जास्त मेले, त्यांनाही आया होत्याच.

मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या सेव्ह अवर सन्सच्या बायका, सक्तीच्या भरतीविरुद्ध उभ्या राहिलेल्या. १९६५ पासून भरतीच्या ऑफिसबाहेर हातात पत्रकं घेऊन उभ्या राहायच्या, लोक कम्युनिस्ट म्हणायचे, घरी जाऊन पोरं सांभाळा म्हणायचे, अरे पण त्या तेच तर करत होत्या. १९७१ मध्ये पत्रकं वाटली म्हणून त्यांच्यातल्या पाच जणींना आपल्या मेलबर्नमध्ये फेअरलीच्या जेलमध्ये टाकलं, ईस्टरच्या सुट्टीत, घरी मुलं वाट बघतायत आणि आई आत. त्याच्या आदल्या वर्षी, ८ मे १९७० ला, तू ट्राम पकडायचास त्या बर्क स्ट्रीटवर निदान ७० हजार माणसं युद्धाविरुद्ध रस्त्यात बसली होती. शेवटी डिसेंबर १९७२ मध्ये नवे पंतप्रधान व्हिटलम आले आणि पहिल्याच दिवसांत सक्तीची भरती बंद केली, नकार दिला म्हणून जेलात असलेल्या मुलांना सोडलं.

पण तुझं ते "दोषीच" मला लागलं. आजोबा परत आले तेव्हा युद्धाबद्दल कोणी विचारायचं नाही, आणि विचारलंच तर किती माणसं मारलीस असं. मग त्यांनी सांगणंच सोडलं, नोकरीच्या अर्जात ती दोन वर्षं गाळायचे. ऑक्टोबर १९८७ ला सिडनीत वेलकम होम परेड झाली तेव्हा ते गेले होते, एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा कोणीतरी टाळ्या वाजवल्या, हे सांगताना त्यांचा कप हलत होता, मी तो हातातून घेतला आणि तिथेच बसून राहिले. निर्णय कॅनबेराच्या खोलीत झाला आणि राग या माणसांवर निघाला. असाइनमेंटमध्ये सरकारला धारेवर धर, अगदी धर, पण यांना वेगळं ठेव.

मी आजोबांना विचारलंय, ते तुझ्याशी बोलायला तयार आहेत. पुढच्या रविवारी ये, अकराच्या सुमारास त्यांचा मूड बरा असतो. फोनवर रेकॉर्ड करू नकोस, वही आण.

आई