कोंबडी घेतली, मसाल्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एका उपजिल्हा रुग्णालयातील नव्या यंत्रसामग्रीच्या लोकार्पणाची बातमी वाचली. सोबत फोटोही होता. फीत, नारळ, आणि चक्क हार घातलेला मॉनिटर. यंत्रांची किंमत किती आणि निधी कोणाचा, हे बातमीत ठळक छापले होते. मी २९ वर्षे सरकारी रुग्णालयांत औषधनिर्माण अधिकारी होतो आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे भांडार सांभाळले. त्यामुळे माझी नजर मान्यवरांवर न ठरता मॉनिटरच्या मागच्या भिंतीकडे गेली. तिथे स्टॅबिलायझर दिसला नाही. निवृत्त झालो तरी खोड जात नाही.

असेच हार घातलेले पाच मॉनिटर मी एकदा माझ्या सहीने वॉर्डात दिले होते. दोन वर्षांनी गेलो तर पाचही स्क्रीन चालू होते, पण बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा प्रोब एकच धड होता. बाकीच्यांच्या वायरी क्लिपच्या मानेशी तुटलेल्या. एकीला सिस्टरनी चिकटपट्टी गुंडाळली होती, ती हलवली की आकडा दिसे, सोडली की जाई. सिस्टर म्हणाल्या, "सर, राउंड आला की तीन नंबरचा काढून एकला लावते, मग दोनला." प्रोबची किंमत मॉनिटरच्या मानाने काहीच नाही. पण मॉनिटर जिल्हा नियोजन समितीच्या पैशांतून आले होते आणि ते पैसे खरेदीचे होते. प्रोब ही दुरुस्ती. तिचे लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे सरकारी खाते, वेगळे, आणि त्यात जे काही असे ते पावसाळ्यात छप्पर, मोटर नि जनरेटरवरच संपे.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपण थट्टेत वापरतो. सरकारी खरेदीत गंमत अशी की कोंबडी चार आण्याला मिळाली म्हणून पाठ थोपटली जाते आणि मसाला कोणत्या खात्यातून आणायचा हे कोणी ठरवलेलेच नसते.

हे घडते तुलनात्मक तक्त्यावर. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आलेल्या निविदांचे दर एका कागदावर ओळीने मांडतात, सर्वांत कमी तो एल-वन, त्याला ऑर्डर. आमच्या प्रयोगशाळेसाठी सेल काउंटर घ्यायचा होता. रक्तातल्या पेशी मोजणारे यंत्र; सीबीसी म्हणतात ती तपासणी यावर होते. तांत्रिक छाननीत दोन कंपन्या राहिल्या. एकीचा दर १ लाख ७० हजार, दुसरीचा २ लाख ६० हजार. प्रश्नच नव्हता. पण लॅबच्या मॅडमनी तक्त्याच्या समासात पेन्सिलने दोन आकडे लिहिले, ३८ आणि २१. म्हणाल्या, "हा एका तपासणीमागे रिएजंटचा, म्हणजे यंत्रात घालायच्या रसायनाचा, खर्च. स्वस्त यंत्राची सिस्टीम बंद आहे. बाटलीबरोबर कार्ड येते, ते दाखवल्याशिवाय यंत्र चालत नाही. दुसऱ्या कोणाचे रिएजंट घालता येत नाही."

आमच्याकडे रोज साधारण ४० सीबीसी होत. तपासणीमागे १७ रुपयांचा फरक, म्हणजे दिवसाला ६८० रुपये. वर्षाचे ३०० दिवस धरले तर २ लाख ४ हजार. म्हणजे खरेदीत वाचवलेले ९० हजार साधारण सव्वापाच महिन्यांत गेले आणि पुढे यंत्र जगेल तितकी वर्षे दर वर्षी दोन लाखांचे भोक. हा हिशेब करायला पाच मिनिटे लागली. तो कागदावर घ्यायला मात्र जागा नव्हती, कारण तक्त्यात रकाना एकच: यंत्राची किंमत. जास्त दराचे यंत्र घेतले तर ऑडिट पॅरा, म्हणजे लेखापरीक्षकांचा लेखी आक्षेप, लागणार, त्याला उत्तर कोण देणार? मॅडमचे आकडे खोडरबराने पुसले गेले. मीच पुसले, कारण तक्ता वर पाठवताना त्यावर काही खरडलेले चालत नाही.

त्या वर्षी रिएजंटचे पैसे डिसेंबरातच संपले. मॅडमनी कपाटातून साहलीचे जुने हिमोग्लोबिनोमीटर काढले आणि हिमोग्लोबिन नळीतल्या रंगावरून बघायला सुरुवात केली. ते जमण्यासारखे होते. पण रोज ४० रुग्णांच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बसून कोण मोजणार? मग बाहेरच्या लॅबची चिठ्ठी. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, यंत्र 'चालू स्थितीत' होते आणि ते खरेही होते.

दुसरी गोष्ट सांगताना थोडी लाज वाटते. मार्चच्या २७ तारखेला ऑटोक्लेव्हचे, म्हणजे वाफेने अवजारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचे, खोके आले. ३१ तारखेच्या आत बिल ट्रेझरीत गेले नाही तर निधी परत जाणार. बिलाला इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट लागते आणि ऑटोक्लेव्ह बसवायच्या खोलीत थ्री फेज लाइनच नव्हती. खोके न फोडता सर्टिफिकेटवर सही झाली. सही माझी, वर अधीक्षकांचा शिक्का. लाइन यायला ऑक्टोबर उजाडला. एक वर्षाची वॉरंटी कागदावर मार्चपासून धावत होती. आमचे पाणी बोअरचे, क्षाराचे. पुढच्या एप्रिलमध्ये हीटर कॉइल क्षार बसून जळाली. कंपनीच्या माणसाने फोनवर नम्रपणे सांगितले, "साहेब, वॉरंटी संपली, सर्टिफिकेटवर तारीख बघा." यंत्र सहा महिने वापरले होते. त्याच्याशी भांडायला मला तोंड नव्हते. मार्चअखेरची घाई पाहिलेल्या माझ्या बहुतेक सहकाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल.

केंद्र सरकारला हे सगळे ठाऊक नाही असे नाही. राज्याराज्यांत मोजणी झाली तेव्हा सरकारी रुग्णालयांतली १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. त्यानंतर २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली देखभालीचा कार्यक्रम आला. दुरुस्ती बाहेरच्या संस्थेकडे, तक्रारीसाठी टोल फ्री नंबर, आणि जिल्हा रुग्णालयात ९५, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९०, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ यंत्र चालू राहिलेच पाहिजे अशी अट. कल्पना चांगली आहे, माझ्या अनुभवात तिचा फायदाही झाला. पण कंत्राटात 'कन्झ्युमेबल', म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तू, येत नाहीत, आणि मग सुरू होतो वाद. प्रोब हा स्पेअर की कन्झ्युमेबल? बॅटरी? नवजात बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरचा स्किन प्रोब? हा शेवटचा प्रश्न मला फार छळायचा. बाळाच्या अंगाला लावायचा तो प्रोब गेला की रेडियंट वॉर्मर आपोआप तापमान सांभाळत नाही. मग मॅन्युअलवर टाकायचा आणि सिस्टरने सारखे येऊन बाळाला हात लावून पाहायचे. रात्रपाळीला सिस्टर एक आणि प्रसूती तीन असल्या तर कुठे कुठे पाहणार? आणि आम्ही ई-मेलवर शब्दाचा अर्थ लावत बसायचो.

कोविडच्या काळात व्हेंटिलेटर आले तेव्हा वाटले, आता तरी अक्कल येईल. व्हेंटिलेटरमध्ये ऑक्सिजन सेल असतो. यंत्र वापरा किंवा कव्हर घालून कोपऱ्यात ठेवा, तो हवेतल्या ऑक्सिजननेच हळूहळू संपत जातो. एक-दोन वर्षांत बदलावा लागतो. आतल्या बॅटरीचेही तेच. म्हणजे न वापरलेल्या यंत्रालाही खर्च आहे. दान देणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही आणि घेणारे विचारत नाहीत, कारण फुकटच्या वस्तूला नावे कशी ठेवायची!

माझा धाकटा भाऊ शेती करतो. विहिरीवरची मोटर घेताना त्याने दुकानदाराला किंमत शेवटी विचारली. आधी विचारले, वायंडिंग तालुक्याला कोण करून देतो आणि बुश मिळतात का. चौथी शिकलेला माणूस आहे.

दिल्लीच्या एम्ससारख्या केंद्रीय संस्था त्यांच्या अनेक निविदांत मोठ्या यंत्रांसाठी पाच वर्षांची वॉरंटी आणि पुढच्या पाच वर्षांच्या सीएमसीचा दर आधीच मागवतात आणि एल-वन ठरवताना तो दर किमतीत धरतात. सीएमसी म्हणजे पार्टसकट देखभाल. नुसत्या एएमसीत माणूस येतो, कोणता पार्ट गेला ते सांगतो आणि चहा पिऊन जातो, पार्ट तुमचा. म्हणजे वेगळा हिशेब करणे कायद्यात बसत नाही, हा बहाणा चालणार नाही.

आपल्याकडे २०१७ पासून सरकारी रुग्णालयांच्या औषधांची नि यंत्रांची खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे होती. २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणले. या प्राधिकरणाला माझी विनंती एवढीच आहे की तुलनात्मक तक्त्यात आणखी तीन रकाने आखावेत: दहा वर्षांची सीएमसी, तपासणीमागे किंवा रुग्णामागे लागणारे रिएजंट नि साहित्य, आणि नेहमी जाणाऱ्या पार्टचे दर, तेही दहा वर्षांसाठी बांधून घेतलेले. बेरीज करा आणि मग खुशाल सर्वांत स्वस्ताला ऑर्डर द्या. त्यातला देखभालीचा हिस्सा खरेदीच्याच मंजुरीत बाजूला काढून ठेवावा; तो नसेल तर यंत्र एखादे कमी घ्यावे. पाचऐवजी चार मॉनिटर आणि आठ जास्तीचे प्रोब आले असते तर आमच्या वॉर्डात चार रुग्णांवर नजर राहिली असती. पाच आले, म्हणून एकावर राहिली.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. पुढच्या लोकार्पणाला जाल तेव्हा किंमत जरूर छापा, पण फीत कापून झाल्यावर तिथल्या भांडारपालाला गाठून विचारा की सहाव्या वर्षी याचा पार्ट कोण देणार आणि कोणत्या पैशांतून. तो साहेबांसमोर बोलणार नाही. चहाच्या टपरीवर न्या.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
(नाव-पत्ता सोबत जोडला आहे, कृपया छापू नये.)