शार्त्रला जाण्याआधी

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. कॅथेड्रलच्या रंगीत काचांच्या खिडक्या बघायला शार्त्रला मुक्काम करणार आहेस हे वाचून बरं वाटलं. बहुतेक लोक पॅरिसहून सकाळी जातात, दुपारच्या गाडीने परततात आणि संध्याकाळी पश्चिमेच्या काचांमधून ऊन आत येतं तेव्हा ते स्टेशनवर उभे असतात. तू विचारलंयस, "खिडक्यांतली चिन्हं वाचायची कशी तेवढं सांग, शेवटी ती निरक्षरांसाठी केलेली चित्रपोथीच ना?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतोच. दुसऱ्यावर मात्र तुझ्याशी भांडणार आहे.

चित्रपोथीची कल्पना जुनी आहे. इ. स. 600 च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी मार्सेयच्या बिशपला लिहिलं होतं, की ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांना भिंतीवरची चित्रं वाचता येतात. पण ते भिंतीवरच्या चित्रांबद्दल. पॅरिसला सँत-शापेलमध्ये उभा राहा आणि वर बघ. 1248 मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या त्या प्रार्थनागृहात सुमारे 15 मीटर उंचीच्या 15 खिडक्या आहेत आणि त्यांत 1113 प्रसंग आहेत. वरच्या अर्ध्यातला एकही प्रसंग नुसत्या डोळ्यांनी लागत नाही. साक्षराला लागत नाही, मग निरक्षराला काय लागणार? शिवाय अशा खिडक्यांत प्रसंगांच्या कितीतरी जोड्या अशा असतात की बायबलचा जुना करार आणि त्यावरची भाष्यं ठाऊक असल्याशिवाय त्या उलगडत नाहीत. ज्याला गोष्ट आधीच माहीत आहे त्याच्यासाठी या खिडक्या आहेत, किंवा ज्याच्या शेजारी सांगणारा कुणी उभा आहे त्याच्यासाठी. मग एवढा खटाटोप कशासाठी? माझं मत असं, की खिडकीतलं पहिलं आणि सगळ्यात मोठं प्रतीक तिच्यातली माणसं नाहीत, तिच्यातून येणारा उजेड आहे. बाकीची चिन्हं त्याच्यानंतर येतात.

हे मी मनचं सांगत नाही. पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाचा प्रमुख सुजेर यानं 1140 ते 1144 या काळात तिथल्या वेदीभोवतीचा भाग नव्यानं बांधून घेतला आणि भिंतींच्या जागी काच आणली. त्यानं चर्चच्या दारांवर लॅटिन ओळी कोरून घेतल्या होत्या. जड बुद्धी जड वस्तूंच्या आधारानंच सत्याकडे चढते, असा त्यांचा मथितार्थ. त्याच्यामागे योहानाच्या शुभवर्तमानातला "मी जगाचा प्रकाश आहे" हा येशूचा उद्गार आहे, आणि ईश्वराला सर्व प्रकाशाचा उगम मानणारी एक जुनी ग्रीक विचारधाराही. भिंतीवरचं चित्र उजेडात दिसतं. काचेतलं चित्र हे उजेडच असतं. बाहेरून हीच खिडकी बघ, मळकट करड्या तुकड्यांची आणि शिशाच्या पट्ट्यांची जाळी दिसेल. आत आल्याशिवाय अर्थ नाही, हेही त्यांना सुचवायचं असणार.

मध्ययुगातल्या प्रवचनांत आणि स्तोत्रांत एक उपमा वारंवार येते. सूर्यकिरण काचेतून जातो, काच फुटत नाही, उलट किरण तिचा रंग घेऊन बाहेर पडतो. तसा देवाचा पुत्र कुमारी मारियेच्या उदरी आला. हे लक्षात ठेवलंस तर एखाद्या काचेत मारियेजवळ तिच्या पावित्र्याचं चिन्ह असलेली लिली असो वा नसो, ती काच तिच्याचबद्दल काही म्हणत असते हे पटेल.

आता चिन्हं. ही यादी कुठल्याही माहितीपुस्तकात मिळेल, म्हणून पटकन उरकतो. जैन मूर्तींमध्ये लांछन पाहून तीर्थंकर ओळखतात, तसेच इथले संत हातातल्या वस्तूवरून ओळखायचे. किल्ल्या म्हणजे पेत्र, तलवार म्हणजे पौल, मोडकं चाक म्हणजे कॅथरीन, लोखंडी जाळी म्हणजे लॉरेन्स, तबकात डोळे म्हणजे लुसी. यातली बरीचशी हत्यारं त्या संताच्या मरणाची आहेत. ज्यानं मारलं तेच मिरवायचं, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. गवंड्याचा काटकोन हातात असेल तर तो थोमा, तोच आपल्याकडे आला अशी परंपरा आहे. माणूस, सिंह, बैल आणि गरुड दिसले, पंखांसकट, तर ते अनुक्रमे मत्तय, मार्क, लूक आणि योहान, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारे चार शुभवर्तमानकार. प्रभावळ सगळ्या संतांना असते, पण तिच्या आत क्रूस असेल तर तो येशूच. चोचीनं स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारा पेलिकन दिसला तर थांब. पक्षी खरं असं काही करत नाही, पण येशूच्या बलिदानाचं आणि ख्रिस्तप्रसादाचं ते चिन्ह आहे. थोर धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांच्या नावावरच्या स्तोत्रात येशूला पेलिकनच म्हटलं आहे.

रंगांच्या बाबतीत मात्र सावध राहा. निळा म्हणजे स्वर्ग आणि मारिया, लाल म्हणजे हौतात्म्य आणि पवित्र आत्मा, हिरवा म्हणजे आशा, असं छापील कोष्टक तिथे हातात देतात. अर्धं खरं आहे. काचेत काय रंग येणार हे भट्टीनंही ठरवलेलं असतं. कोबाल्टनं निळा येतो. तांब्यानं लाल येतो, पण तो इतका गडद की पूर्ण जाडीची काच जवळजवळ काळी दिसते, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवत. शिवाय अंधारून आलं की आपल्या डोळ्यांना लाल आधी काळवंडलेला दिसतो आणि निळा मागे उरतो. एखाद्या माणसाचा झगा हिरवा आहे म्हणून त्यात आशा शोधत बसू नकोस. शेजारचा झगा लाल होता, एवढंच कारण असू शकतं.

पण कधीकधी रंग ठरवूनच वापरलेला असतो. शार्त्रच्या पश्चिम दारावर तीन उंच खिडक्या आहेत, बाराव्या शतकाच्या मध्यावरच्या. 1194 च्या आगीत चर्चचा बराच भाग गेला, त्यातून या वाचल्या. आत उभं राहून पश्चिमेकडे तोंड कर. उजवीकडे इशायचा वृक्ष, मध्ये येशूचा जन्म आणि बालपण, डावीकडे दुःखसहन, म्हणजे त्याचे हाल आणि क्रूसावरचं मरण. डावीकडच्या खिडकीतला क्रूस बघ. तो लाकडाच्या रंगाचा नाही, हिरवा आहे, लाल किनारीचा. मेलेलं लाकूड नव्हे, जिवंत झाड. आणि मग मान उजवीकडे वळव. तिथे इशाय झोपला आहे, दावीद राजाचा बाप, आणि त्याच्या देहातून झाड उगवतंय. जुन्या करारात संदेष्टा यशयाच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात म्हटलं आहे, की इशायच्या बुंध्याला धुमारा फुटेल. झाडावर एकावर एक राजे, त्यांच्यावर मारिया, शेंड्याला येशू, त्याच्याभोवती सात कबुतरं म्हणजे पवित्र आत्म्याची सात दानं. एका टोकाला वंशाचं झाड, दुसऱ्या टोकाला क्रूसाचं हिरवं झाड. हे जुळवणाऱ्यानं चित्रपोथी केली नाही, युक्तिवाद केला आहे.

असल्या युक्तिवादाचा कळस म्हणजे दक्षिणेच्या बाजूची, येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोनीची खिडकी. बहुतेक खिडक्यांसारखी हीसुद्धा खालून वर वाचायची. अगदी तळाला चांभार कातडं कापतायत, चपला शिवतायत, आणि खिडकी अर्पण करतायत. त्यांनी खरंच पैसे दिले, की पाद्र्यांनी गावाला अर्पणाचा धडा म्हणून त्यांना तिथे बसवलं, यावर इतिहासकारांत वाद आहे. मला दुसरं जास्त पटतं. त्यांच्यावर ती गोष्ट: यरुशलेमहून यरीहोला निघालेला माणूस, चोर, तोंड फिरवून जाणारे याजक आणि मंदिरसेवक लेवी, जखमा बांधणारा परका शोमरोनी, मग धर्मशाळा. इथे गोष्ट संपायला हवी. पण त्याच खिडकीत पुढे वर आदाम घडवला जातो, हव्वा येते, फळ खाल्लं जातं, दोघांना बागेतून हाकललं जातं, त्यांचा मुलगा काइन भावाला, हाबेलला, मारतो. दोन असंबद्ध गोष्टी एकाच चौकटीत का? कारण ऑगस्टिनसारख्या जुन्या भाष्यकारांनी या दृष्टांताचा अर्थ असा लावला होता: यरुशलेम म्हणजे नंदनवन, वाटेत लुटला गेलेला माणूस म्हणजे आदाम, चोर म्हणजे सैतान, नुसतेच पुढे गेलेले दोघे म्हणजे जुनं नियमशास्त्र, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, धर्मशाळा म्हणजे चर्च. म्हणजे वरची गोष्ट ही खालच्या गोष्टीचा अर्थ आहे. भाष्य खाली आणि मूळ वर, किंवा उलट, कसंही वाच. मी या खिडकीसमोर सगळ्यात जास्त वेळ काढला आहे आणि तूही काढावास असा माझा हट्ट आहे.

जुन्या करारातली घटना ही नव्या करारातल्या घटनेची आधीच पडलेली सावली, ही पद्धत एकदा कळली की खिडक्या भराभर उघडायला लागतात. माशाच्या पोटातून तीन दिवसांनी बाहेर आलेला योना म्हणजे पुनरुत्थान. स्वतःच्या बळीचं लाकूड खांद्यावर नेणारा इसहाक म्हणजे क्रूस वाहणारा येशू. मोशेनं खांबावर चढवलेला पितळी साप म्हणजे क्रूसावरचा येशू, आणि हे तर येशूनं स्वतःच म्हटल्याचं योहान सांगतो.

आता दक्षिणेच्या मोठ्या गोल खिडकीखाली जा. तिथे पाच उभ्या खिडक्या आहेत. मधल्या खिडकीत मारिया आणि बाळ; दोन्ही बाजूंना चार संदेष्टे उभे आणि त्यांच्या खांद्यांवर चार शुभवर्तमानकार, लहान मुलांसारखे पाय सोडून बसलेले. यशयावर मत्तय, यिर्मयावर लूक, यहेज्केलवर योहान, दानीएलवर मार्क. बारावं शतक सुरू होतानाचा इथला गुरू बर्नार म्हणत असे, की आपण राक्षसांच्या खांद्यावर बसलेले बुटके आहोत. त्यांच्यामुळेच आपल्याला लांबचं दिसतं. हे आपल्यापर्यंत पोचवलं सॉल्झबरीच्या जॉननं 1159 मध्ये, आणि तोच पुढे शार्त्रचा बिशप झाला. काचकाराच्या मनात हेच वाक्य होतं की नव्हतं, कुणी सिद्ध केलेलं नाही, पण त्याच गावात बसून दुसरं काय मनात येईल? त्याच खिडक्यांच्या पायथ्याशी द्रू घराण्यातला पिएर, ब्रिटनीचा ड्यूक, आपल्या कुटुंबासह गुडघे टेकून बसला आहे. समोर उत्तरेच्या गोल खिडकीत फ्रान्सची राणी, कॅस्टिलची ब्लांश, हिच्या माहेरच्या कुलचिन्हातले किल्ले आणि फ्रान्सच्या राजघराण्याच्या लिली आहेत. एकमेकांशी न पटणारी ही दोन घरं देवासमोरसुद्धा आमनेसामने बसली आहेत. भक्तीत राजकारण नसतं असं तुला कुणी सांगितलं तर त्याला इथे उभा कर.

नव्या काळातली एकच गोष्ट लिहितो, कारण त्यावरूनच मला तुझ्याशी भांडायचं आहे. जर्मनीतल्या कोलोन कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूची खिडकी दुसऱ्या महायुद्धात गेली होती. 2007 मध्ये चित्रकार गेरहार्ड रिख्टर यांनी तिथे 72 रंगांचे अकरा हजारांहून अधिक चौकोन बसवले, बऱ्याच अंशी संगणकानं यदृच्छया मांडलेले. संत नाही, किल्ली नाही, क्रूस नाही. तिथले कार्डिनल माइस्नर नाराज झाले. ही खिडकी मशिदीत किंवा दुसऱ्या एखाद्या प्रार्थनास्थळात जास्त शोभली असती असं ते म्हणाले. तुझ्या 'चित्रपोथी'च्या हिशेबानं कार्डिनल बरोबर ठरतात. माझ्या हिशेबानं नाही. सुजेरला ती खिडकी आवडली असती असं मला वाटतं, निदान दुपारी तरी, जेव्हा ते रंग फरशीवर सांडतात. त्यानं फक्त एका कोपऱ्यात स्वतःचं चित्र घालायला सांगितलं असतं.

दुर्बीण घेऊन जा, छोटी चालेल. ढगाळ दिवस मिळाला तर कुरकुर करू नकोस; अशा उजेडात बारीक रेषा जास्त दिसतात. कडक उन्हात नुसता रंग दिसतो. आणि वहिनीला खुर्चीवर बसून मान वर करायला सांग, उभं राहून नाही. मानेचं दुखणं पुन्हा उपटायला नको.

तुझा,
श्रीधर

ता. क. सुजेरचं ते मी चेष्टेनं लिहिलं नव्हतं. सँ-दनीला गेलास तर तिथल्या येशूच्या बालपणाच्या खिडकीत मारियेच्या पायाशी पालथा पडलेला एक छोटा माणूस शोध. शेजारी त्याचं नावही लिहिलेलं आहे, ओळखायला चुकू नये म्हणून.