अकाली प्रसूतीचे भाकीत आणि बातमीत राहून जाणारा हिशेब

महोदय,

अकाली प्रसूती आधीच ओळखणारी रक्तचाचणी सापडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वरचेवर वाचायला मिळतात आणि त्यांतील ‘ऐंशी टक्के अचूक’ हे शब्द मला दर वेळी अस्वस्थ करतात. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात माझ्या आयुष्याचा मोठा काळ गेला असल्याने अशी चाचणी हाती यावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. किंबहुना म्हणूनच या बातम्यांत राहून जाणारा हिशेब मांडावासा वाटतो.

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेला जन्म अकाली मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, म्हणजे साधारणपणे दहांतील एक. आता समजा, हजार गर्भवतींची तपासणी केली आणि त्यांतील १०० जणी दिवस भरण्याआधी बाळंत होणार आहेत. चाचणी दोन्ही बाजूंनी ऐंशी टक्के अचूक असली, तर ती या १०० पैकी ८० जणींना ओळखेल आणि २० जणी तिच्यातून निसटतील. पण वेळेवर बाळंत होणाऱ्या ९०० पैकी १८० जणींनाही ती धोका असल्याचे सांगेल. म्हणजे धोक्याचा अहवाल हाती पडलेल्या २६० स्त्रियांपैकी केवळ ८० जणींच्या बाबतीत तो खरा ठरेल आणि बाकीच्या १८० जणी पुढचे कित्येक आठवडे विनाकारण धास्तीत काढतील.

हा दोष संशोधकांच्या आळसाचा नाही. अकाली प्रसूतीमागे एकच आजार नसतो: कुठे गर्भाशयात शिरलेला संसर्ग असतो, कुठे वारेमागे झालेला रक्तस्राव, कुठे जुळ्यांमुळे गर्भाशयावर पडलेला ताण, तर कुठे वेळेआधीच आखूड होत गेलेले गर्भाशयमुख, शिवाय आईचा रक्तदाब धोकादायक वाढल्यामुळे डॉक्टरांनीच प्रसूती लवकर घडवून आणलेली असते, तेही अकाली जन्मच. इतक्या वेगळ्या वाटांनी येणाऱ्या घटनेची खूण एकाच प्रथिनात सापडावी, ही अपेक्षाच मुळात अवास्तव आहे.

फीटल फायब्रोनेक्टिनचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. गर्भावरण गर्भाशयाच्या अस्तराला चिकटवून ठेवणारे हे प्रथिन २२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान योनीस्रावात सहसा आढळत नाही. ते आढळले तर धोका वाढलेला असतो, हे १९९१ मध्ये दाखवले गेले. प्रत्यक्षात मात्र या चाचणीचा खरा उपयोग उलट दिशेने झाला. कळा येत असलेल्या स्त्रीची चाचणी नकारात्मक आली, तर येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत ती बाळंत होण्याची शक्यता फार कमी, हे बऱ्याच भरवशाने सांगता येते. सकारात्मक अहवालावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. भाकीत करण्यापेक्षा निर्धास्त करण्यात ही चाचणी सरस ठरली, आणि मला ते कमी मोलाचे वाटत नाही.

चुकीच्या भाकिताची किंमत केवळ काळजीपुरती राहत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइड देण्याचा उपचार न्यूझीलंडमधील डॉक्टर लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये मांडला, आणि त्याने असंख्य बाळे वाचवली. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा देशांतील एका मोठ्या चाचणीत, अकाली प्रसूतीचा धोका नेमका ओळखण्याची साधने तुटपुंजी असताना, हा उपचार सरसकट वाढवला गेला. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक स्त्रियांची बाळे पुरेशा वजनाची, म्हणजे बहुधा अकाली नसलेली, निघाली आणि एकंदर नवजात मृत्यू घटण्याऐवजी वाढले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जागतिक आरोग्य संघटनेने सोनोग्राफीने दिवस पक्के करून आणि सुसज्ज रुग्णालयांत तोच उपचार तपासला, तेव्हा मृत्यू कमी झाले. औषध त्याच प्रकारचे होते. कोणाला आणि कुठे द्यायचे, याची निवड बदलली होती. जैवसूचकांच्या, म्हणजे धोका आधी सांगणाऱ्या शरीरातील खुणांच्या, शोधाला मी इतके महत्त्व देते ते यासाठीच.

भाकीत खरे ठरले तरी पुढे करायचे काय, हा प्रश्न उरतोच. गर्भाशयमुख २५ मिलिमीटरपेक्षा आखूड असल्याचे सोनोग्राफीत दिसले, तर योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक देता येते, म्हणून ते साधे मोजमाप उपयोगी पडते. उलट, अमेरिकेत २०११ मध्ये अकाली प्रसूती टाळण्यासाठी मान्यता मिळालेले हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएटचे (प्रोजेस्टेरॉनच्या कृत्रिम रूपाचे) इंजेक्शन नंतरच्या मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरल्याने २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील २०१८ च्या गाजलेल्या संशोधनात आईच्या रक्तातील आरएनएवरून (जनुकांचा संदेश वाहणाऱ्या रेणूंवरून) अकाली प्रसूतीचे संकेत मिळाले. ते काम मला मोलाचे वाटते. मात्र त्यातील अकाली प्रसूतीचा भाग आधीच जोखीम असलेल्या अवघ्या ३८ स्त्रियांवर आधारलेला होता आणि मोठ्या चाचण्यांची गरज संशोधकांनी स्वतःच नमूद केली होती. म्हणून आपणास विनंती आहे की, अशा बातमीत किती स्त्रिया तपासल्या, निष्कर्ष दुसऱ्या, स्वतंत्र गटात पडताळला का, आणि धोका सांगितलेल्यांपैकी प्रत्यक्षात किती जणी लवकर बाळंत झाल्या, हे आवर्जून छापावे. ती बातमी वाचून दवाखान्यात येणाऱ्या गर्भवतीला आम्ही सर्वप्रथम हेच समजावून सांगत असतो.

आपली,
एक निवृत्त नवजातशिशुतज्ज्ञ