अकराच्या उन्हात सावली बघ

सोलापूर,
२ ऑक्टोबर

चि. माधुरीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू स्लॅबवरून आणि आजी खालून अशा दोघी एकदम ओरडत होता. मला एकीचंही धड कळलं नाही. शिवाय फोनवर सांगितलं की तू "हो हो" म्हणतेस आणि चौथ्या वाक्याला पहिलं विसरतेस. म्हणून लिहूनच पाठवतोय. उद्या सकाळच्या एस.टी.नं शेजारचे काका मंगळवेढ्याला येतायत, त्यांच्याकडे ही चिठ्ठी आणि एक पिशवी देतो.

तू म्हणालीस, "अण्णा, मेकॅनिक येऊन टीव्हीची छत्री (डिश) हलवून बघतो म्हणतोय, साडेतीनशे घेतो. बोलावू का?" थांब. पैशाचं म्हणत नाही मी. (पैशाचंही म्हणतोच आहे.) पण छत्री हलवायची गरज आहे हे ठरवलं कुणी? चादरीच्या कारखान्यात लूम बंद पडला की नवा पोरगा पाना घेऊन धावायचा. जुना जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, आधी हात मागं बांधून उभा राहायचा. धोटा कुठं अडकलाय, कांडी संपलीय का, धागा कुठल्या बाजूनं तुटलाय, ते बघून मग एकच नट हलवायचा. एकतीस वर्षं मी तेच केलं. तूही पेशंटला आधी विचारतेस आणि सुई नंतर काढतेस.

तुमच्या तक्रारी तीन आहेत, असं मला जुळवून जुळवून समजलं. पाऊस आला की चित्राचे चौकोन होतात. आजीचं कीर्तनाचं चॅनेल आणि त्याच्यासोबतचे आणखी काही पंधरा दिवसांपासून गायबच आहेत. आणि तिसरी, जी आजी सगळ्यात घाबरून सांगत होती: तीन-चार दिवस झाले, लख्ख ऊन असताना अकराच्या सुमाराला टीव्ही आपोआप बंद होतो आणि थोड्या वेळानं आपोआप चालू होतो. आजीला वाटतंय घरात काहीतरी आहे.

तिसरीपासून सुरू करतो, कारण ती तक्रार नाहीच.

आपली फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकटची सेवा, ज्या उपग्रहावरून येते तो जीसॅट-१५. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो सोडला. विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो आहे. पृथ्वीच्या गतीनंच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी थांबल्यासारखा. आपल्याकडून बघितलं तर तो बरोबर आग्नेयेला येतो, वास्तुवाले स्वयंपाकघर ठेवायला सांगतात त्या दिशेला. आणि जमिनीपासून जवळजवळ ६१ अंश वर. सोलापूर काय नि मंगळवेढं काय, इतक्या लांबून बघणाऱ्याला दोन्ही एकच गाव.

आता वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, सूर्य रोज काही मिनिटं नेमका त्या उपग्रहाच्या पाठीमागं येतो. सूर्य नुसता उजेड फेकत नाही, रेडिओलहरीही फेकतो. गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुआँच्या भोंग्यासमोर उभी राहून तू लहानपणी मला हाका मारायचीस, आठवतं? तुझं तोंड हलताना दिसायचं, ऐकू काही यायचं नाही. छत्रीचं तसंच होतं. आपल्याकडं ऑक्टोबरात ही वेळ अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना येते, मार्चमध्ये सव्वाअकराच्या आसपास. आठवडाभर चालतं आणि संपतं. त्यात कुणीही मेकॅनिक काही करू शकत नाही. आलाच तर सव्वाअकराला येईल, चित्र आपोआप आलेलं असेल, आणि तो साडेतीनशे घेऊन जाईल. आजीला सांग, घरात काही नाही.

पण पोरी, ही वेळ फुकट घालवू नको. त्या पाच-दहा मिनिटांत सूर्य उपग्रहाच्या जागी उभा असतो. म्हणजे त्या वेळी छत्रीवर ज्या कशाची सावली पडते, तेच तुझ्या सिग्नलच्या आड येतंय. होकायंत्र नको, मोबाइलमधलं अ‍ॅप नको. तुझी रात्रपाळी सुटून तू घरी असतेसच. पावणेअकराला स्लॅबवर जा आणि छत्रीच्या वाटीत बघ. सूर्याकडं बघायचं नाही, नर्सबाईंना मी काय सांगू. वाटी सगळी उन्हात असली तर वाट मोकळी आहे. पुढच्या दांड्याची बारीक सावली खालच्या कडेला पडली तर ती चालते. पण पानांची जाळी हलताना दिसली, तर तुमच्या मालकांचा तो शेवगा. जूनमध्ये आपण छत्री बसवली तेव्हा तो छाटलेला होता. शेवगा पावसात किती फोफावतो तुला माहीत आहे. पावसात चित्र जातं त्याचं निम्मं कारण तिथं सापडेल असं मला वाटतं. ओली पानं सिग्नल चांगलाच खातात.

सावली नसेल तर झाडाला बोल लावू नको. ६१ अंश म्हणजे बरंच वर झालं. दहा फुटांवरचं झाड छत्रीपेक्षा अठरा फूट उंच असेल तेव्हाच आड येतं. छत्रीचा चेहरा समोरच्या घराकडं वळलेला दिसतो म्हणून लोक फसतात. ती दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर बघत असते. आपल्या गल्लीत मागं एकानं समोरच्याशी पाण्याच्या टाकीवरून भांडण केलं. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात प्रत्येकाच्या स्लॅबवर दोन दोन टाक्या, त्यात हे भांडण. टाकी आडवी आलीच नव्हती. त्याची केबल उंदरानं खाल्ली होती.

बाकी पावसाचं म्हणशील तर परतीचा पाऊस कोसळताना चित्र जाणारच. या लहरी बारीक असतात, पाण्याच्या थेंबात जिरतात. ढग सरला की येतं. पण नुसत्या भुरभुरीनंही जात असेल, तर सिग्नल मुळातच काठावर आहे असं समज. त्यासाठी रिमोटवरून मेनूत जाऊन सिग्नलचं पान उघड. दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंग्थची पट्टी बघून खूश होऊ नको, ती आकाशातला नुसता गोंगाटही मोजते. क्वालिटी बघायची. निरभ्र दिवशी, अकराची वेळ सोडून, तो आकडा बघ आणि सेट-टॉप बॉक्सच्या पाठीवर पेन्सिलनं लिहून ठेव. प्रत्येक बॉक्सचा आकडा वेगळा असतो, म्हणून आपला आपल्यालाच माहीत हवा. (मेनूच दिसला नाही आणि पडद्यावर "नो सिग्नल" फिरत असेल तर ते टीव्ही म्हणतोय, छत्री नाही. आजीनं रिमोटचं इनपुटचं बटण दाबलेलं असतं.)

आता कीर्तनाचं चॅनेल. चॅनेल एकेक येत नाहीत, गठ्ठ्यानं येतात. एका लहरीवर एक गठ्ठा. तुमचा गठ्ठाच गेलाय. एप्रिलच्या सुमाराला असं झालं असतं तर मी म्हटलं असतं ऑटो स्कॅन कर, म्हणजे बॉक्सला चॅनेल नव्यानं शोधायला लाव. फ्री डिशवरच्या जागांच्या लिलावानंतर तेव्हा चॅनेलची अदलाबदल होते. आताही एकदा करून बघ, त्यात काही जात नाही. (जुन्या एमपेग-२ पद्धतीच्या बॉक्सवर नव्या एमपेग-४ पद्धतीचे चॅनेल दिसत नाहीत. पण हे तर आधी दिसत होते, म्हणून ते कारण नाही.) स्कॅन करूनही आले नाहीत तर माझा संशय केबलवर आहे. केबल सडली की वरच्या लहरींचे गठ्ठे आधी जातात, खालचे तग धरतात.

गेल्या वर्षी आपल्या घरी काय झालं ते तू नव्हतीस तेव्हाचं आहे. मी छत्रीपुढच्या एलएनबीचा, म्हणजे दांड्याच्या टोकावरच्या सिग्नल घेणाऱ्या डबीचा, कनेक्टर सोडला, तर त्यातून चमचाभर पाणी माझ्या मनगटावर सांडलं. आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. पांढऱ्या प्लास्टिकला बोट लावलं तर तार तिथंच मोडून पडली. तांबं नुसतं वरून होतं, आत लोखंड, गंजलेलं. मी जी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती ती मे महिन्याच्या उन्हात वितळून गुळासारखी झाली होती आणि तिनं पाणी अडवायचं सोडून आतच धरून ठेवलं होतं. ती चूक माझी. त्याच हातानं तुझी छत्रीही मी बसवलीय, म्हणून हे सगळं लिहितोय.

तेव्हा असं कर. आधी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढ. बटण नाही, प्लग. ज्या केबलनं चित्र खाली येतं त्याच केबलनं बॉक्स वर एलएनबीला तेरा ते अठरा व्होल्ट पाठवत असतो. त्यानं तुला काही होणार नाही, पण तार चुकून टेकली तर बॉक्स बिघडू शकतो. मग दोन्ही टोकांचे कनेक्टर सोडून बघ. हिरवं-काळं दिसलं तर चांगली तार लागेपर्यंत केबल काप. बाहेरचं काळं आवरण दीड सेंटीमीटर सोल, जाळी मागं दुमड, चांदी कागद काप, पांढरं प्लास्टिक सोल आणि नवा कनेक्टर घट्ट फिरव. मधली तार तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटरच दिसली पाहिजे. जाळीचा एक केस जरी तिला टेकला तरी सगळं शॉर्ट. चष्मा लावून बघ. वर पिशवीतली रबराची टेप ताणून ताणून गुंडाळ, चिकटपट्टी नको. एलएनबीपासून केबल सरळ खाली सोडू नको. आधी खाली एक वळसा दे, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळेल आणि कनेक्टरकडं जाणार नाही. खिडकीतून आत येते तिथंही तसाच वळसा, नाहीतर पाणी केबल धरून थेट बॉक्सपर्यंत येतं.

एवढं करूनही क्वालिटी कमी असेल तरच छत्रीला हात लाव. त्याआधी खांबावर आणि पट्टीवर, आता जिथं आहे तिथं, पेन्सिलनं खुणा कर. पहिल्या वर्षी मी जॉबरपणाच्या तोऱ्यात तिन्ही नट एकदम सैल केले होते. दोन संध्याकाळी मी वर आणि तुझी आई खाली "नाही, नाही, नाही" म्हणत. शेवटी मेकॅनिक आला आणि दहा मिनिटांत लावून गेला. जाताना हसला नाही, हे त्याचे उपकार. आपली छत्री साठ सेंटीमीटरची. तिची कडा अर्धा सेंटीमीटर सरकली की दिशा एक अंश चुकते, आणि दीड अंशात येणारी ताकद निम्मी होते. म्हणून एका वेळी एकच नट, केसभर, आणि मग थांबायचं. बॉक्सला आकडा बदलायला थोडा वेळ लागतो. आजीला आकडे वाचायला बसव, तिला काम मिळेल. वाढत वाढत उतरायला लागला की परत मागं ये. नट आवळतानाही छत्री सरकते, तेव्हा इकडचा थोडा, तिकडचा थोडा. एलएनबी कलती बसवलीय ती मुद्दाम आहे. ती सरळ करू नको.

वीज चमकत असेल तर वर पाऊल टाकायचं नाही. आणि तुमच्या स्लॅबला कठडा नाही, मी बघितलंय. केबल ओढत मागं मागं सरकू नको.

पिशवीत चार कनेक्टर, रबराची टेप, दहा-अकराचा पाना आणि माझी लहान पक्कड आहे. पक्कड परत पाहिजे. शेंगाचटणी तुझ्यासाठी, आजीला तिखट सोसत नाही, तिला कडक भाकरी आणि दूध दे.

उद्या पाऊस नसला तर पावणेअकराला मीही आपल्या स्लॅबवर जाऊन छत्रीची सावली बघणार आहे. आपल्याकडं कडुनिंब वाढलाय. तू तिथं बघ, मी इथं बघतो, आणि चित्र गेलं की फोन कर.

तुझे,
अण्णा

ता. क. शेवगा तोडायचा असेल तर मालकीणबाईंना आधी विचार. आणि शेंगा धरल्या असतील तर थोड्या काकांबरोबर पाठव.