सर्व्हरच्या खोलीचे तापमान कोण पाहते?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वीजपुरवठा वारंवार खंडित होण्याबद्दलची पत्रे आपल्या सदरात उन्हाळाभर येत असतात. त्या प्रश्नाची एक बाजू मात्र चर्चेत येत नाही, ती म्हणजे पतसंस्था, महाविद्यालये आणि रुग्णालये यांच्या सर्व्हरच्या खोल्यांची. कोल्हापुरात अशी खोली बहुधा जिन्याखालची किंवा दप्तराच्या कपाटांमागची बंदिस्त जागा असते आणि तिची सारी भिस्त चोवीस तास चालणाऱ्या एका एसीवर असते. वीज गेली की सर्व्हर यूपीएसवर चालू राहतो, पण एसीचा भार सहसा यूपीएसवर नसतो. आणि वीज परत आली तरी, आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय नसलेला एसी कोणीतरी रिमोट दाबेपर्यंत बंदच राहतो. हे शनिवारी रात्री घडले, तर सोमवारी शिपाई कुलूप काढेपर्यंत खोली तापत राहते.

यातली खेदाची गोष्ट अशी की, ही उष्णता त्या यंत्राला केव्हाच कळलेली असते. बहुतेक सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा स्वतंत्र नियंत्रक असतो व आत येणाऱ्या हवेचे तापमान, पंख्यांचे फेरे आणि पॉवर सप्लायची स्थिती तो सतत मोजत असतो. हे आकडे नेटवर्कवरून मागवण्याची सोयही नवी नाही. त्यासाठीचे प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी नेटवर्कवर एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धती, जुनेच आहेत: एसएनएमपी १९८८ पासून, आयपीएमआय १९९८ पासून आणि रेडफिश २०१५ पासून उपलब्ध आहे. त्यासाठी लागणारी मोफत सॉफ्टवेअरही आहेत. सर्व्हरसोबत पैसे मोजून घेतलेली ही सोय आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कधी सुरूच केली जात नाही.

ती सुरू करताना काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. एसएनएमपीत यंत्र स्वतःहून पाठवते त्या सूचनेला ट्रॅप म्हणतात; तिची पोच मिळत नाही, त्यामुळे ती वाटेत हरवली तरी कोणाला कळत नाही, आणि बंद पडलेले यंत्र तर सूचना पाठवूच शकत नाही. म्हणून दर काही मिनिटांनी यंत्राला आपणहून विचारणा करावी आणि उत्तर न येणे हाच धोक्याचा इशारा मानावा. पंचगंगेच्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी जशी प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ असते, तशाच दोन पातळ्या इथेही ठरवाव्यात. सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही शिफारस सर्वमान्य आहे. माझ्या मते आपल्याकडे ३० अंशांना इशारा आणि ३५ अंशांना धोका धरणे व्यवहार्य ठरेल. हे आकडे आत शिरणाऱ्या हवेचे आहेत; यंत्राच्या आतल्या प्रोसेसरचे तापमान ७० अंश दिसले म्हणून घाबरण्याचे सहसा कारण नसते. उद्यमनगर किंवा शिरोलीसारख्या फौंड्रीच्या परिसरात मात्र पंख्यांच्या फेऱ्यांवर अधिक लक्ष हवे, कारण बारीक धूळ साचत गेली की पंखे जोराने फिरून तापमान आटोक्यात ठेवतात आणि नुसते तापमान पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटत राहते.

सुरक्षिततेची हेळसांड मात्र नको. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत संकेतशब्द उघडाच प्रवास करतो, आणि अनेक उपकरणांवर तो ‘पब्लिक’ असाच ठेवलेला आढळतो. तिसऱ्या आवृत्तीत ओळखीची खातरजमा आणि सांकेतिकीकरण दोन्ही आहेत, तीच वापरावी. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत तर लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा हॅश, म्हणजे ज्यावरून पासवर्ड शोधून काढता येऊ शकतो असे त्याचे सांकेतिक रूप, विचारणाऱ्याच्या हाती पडतो, त्यामुळे बीएमसी इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे सर्व्हरच्या किल्ल्या दारातच टांगून ठेवणे होय. बीएमसीचे नेटवर्क वेगळे असावे.

संस्थांच्या संचालक मंडळांना विनंती अशी की, देखभाल कराराचे नूतनीकरण करताना तापमानावर देखरेखीची ही जोडणी करारातच लिहून घ्यावी आणि संगणक लेखापरीक्षकांनीही तिच्याबद्दल विचारणा करावी. इशारा ईमेलवर नको, कारण ती ईमेल सेवा अनेकदा त्याच तापलेल्या सर्व्हरवर असते. तो मोबाइलवर, एसएमएसने जावा. व्यवस्था खरोखर चालते का, हे पाहण्यासाठी एखाद्या रविवारी जबाबदार माणूस समोर उभा असताना थोडा वेळ एसी बंद करावा आणि संदेश कोणाच्या मोबाइलवर येतो ते तपासावे. यादीतला पहिलाच क्रमांक नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा निघाला, तर मला तरी आश्चर्य वाटणार नाही.

आपला विश्वासू,
नेटवर्क देखभालीचे काम करणारा एक वाचक, कोल्हापूर